वाऱ्याचा हिशेब
(प्रस्तावना)

भिवंडी तालुक्यातल्या टेमघरच्या आसपास उभ्या पोलादाची कमतरता नाही. गोदामांच्या कैच्या, यंत्रमागांच्या कारखान्यांवरचे पत्रे, ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोची मार्गिका, जुन्या इमारतींच्या गच्चीवरचे मोबाइलचे खांब आणि मोकळ्या प्लॉटमध्ये कुंपण घालून उभे केलेले जाळीदार मनोरे. याच तालुक्यात पडघ्याला चंद्रपूरहून येणारी ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वीजवाहिनी संपते. सुमारे साडेसातशे किलोमीटरच्या तिच्या वाटेवर पोलादी मनोऱ्यांची लांबच लांब रांग आहे. या साऱ्या पोलादात दूरसंचाराचा मनोरा बहुधा सर्वांत हलका. चाळीस मीटर उंचीच्या नेहमीच्या मनोऱ्याचे सगळे अँगल, प्लेटा आणि बोल्ट एका ट्रकमध्ये मावतात, आणि ट्रक भरत नाही.

या हलकेपणातच या विषयाची गोम आहे. घर, पूल, पाण्याची टाकी यांचा अभियंता आधी वजनाचा विचार करतो, कारण तिथे पाया दाबाखाली असतो. मनोऱ्याच्या अभियंत्याची चिंता उलटी असते. वारा सुटला की वाऱ्याकडच्या बाजूचे पाय उपटले जाऊ पाहतात आणि पलीकडचे दाबले जातात. म्हणून मनोऱ्याचा पाया त्याला पेलण्यापेक्षा धरून ठेवण्यासाठी अधिक असतो. मनोऱ्यावरचा मुख्य भार त्याचे वजन नव्हे, वारा आहे. आणि या भाराचा हिशेब मनोरा उभा राहिला म्हणून संपत नाही. पुढच्या वीस-तीस वर्षांत कोणी वर काय चढवले, खालून काय काढले आणि काय गंजू दिले, ते सगळे त्याच खात्यात जमा होत जाते. या पुस्तकाच्या मुळाशी हे एकच म्हणणे आहे, आणि पुढचा आढावाही मी त्याच अंगाने घेतो.

आकडे साधे आहेत. आयएस ८७५ या भारतीय संहितेच्या तिसऱ्या भागात देशाची वाऱ्याच्या मूळ वेगानुसार विभागणी आहे. हा वेग म्हणजे जमिनीपासून दहा मीटरवर, तीन सेकंदांच्या झोताचा, सरासरी पन्नास वर्षांतून एकदा अपेक्षित असलेला वेग. मुंबईसाठी तो सेकंदाला ४४ मीटर आहे, पुणे आणि नाशिकसाठी ३९. दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे मुंबईच्या वेगाला चौरस मीटरमागे सुमारे ११८ किलो दाब येतो आणि पुण्याच्या वेगाला सुमारे ९३. वेगात जेमतेम तेरा टक्क्यांचा फरक, पण दाबात पंचवीस टक्क्यांहून अधिक.

आता चाळीस मीटरच्या मनोऱ्याच्या टोकाला १.२ मीटर व्यासाची एक मायक्रोवेव्ह डिश लावली असे धरू. तिचे क्षेत्रफळ चौरस मीटरहून थोडे जास्त. आकाराचा गुणक लावला की मुंबईच्या वाऱ्यात तिच्यावरचा जोर दीडशे किलोच्या पुढे जातो. हा जोर चाळीस मीटरच्या तरफेने तळाशी पोचतो. पायांमधले अंतर चार मीटर असेल, तर वाऱ्याकडच्या दोन पायांवर मिळून सुमारे दीड टन उपटणारा जोर वाढतो. उंचीबरोबर वाढणारा वेग यात अजून धरलेलाच नाही. तो धरला की आकडा आणखी तीस टक्क्यांच्या आसपास चढतो. डिशचे स्वतःचे वजन मात्र दोन माणसे उचलतील एवढेच. डिश चढवणाऱ्याला हे वजन जाणवते. पायाला जाणवतो तो दीड टन.

उंच पोलादी जाळीचा इतिहास दूरसंचाराच्या आधी सुरू होतो. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी गुस्ताव आयफेलने बांधलेला लोखंडी मनोरा काही वर्षांनी पाडायचा होता. बिनतारी संदेशांसाठी उंच जागा हवी होती, हे तो वाचण्याचे एक मोठे कारण ठरले. रशियात व्लादिमिर शुखोव्हने सरळ पट्ट्या तिरप्या गुंफून वक्र पृष्ठभाग साधला. १९२२ साली पूर्ण झालेला त्याचा मॉस्कोचा सुमारे दीडशे मीटरचा रेडिओ मनोरा थोड्या पोलादात पुष्कळ उंची गाठण्याचा आजही अभ्यासण्याजोगा नमुना आहे. पुढे रेडिओ आणि दूरचित्रवाणीने तारांनी ताणलेल्या खांबांची शर्यत लावली. पोलंडमधला १९७४ चा वॉर्सा रेडिओ खांब ६४६ मीटरचा होता. १९९१ मध्ये ताणतारा बदलण्याचे काम चालू असताना तो कोसळला. त्याआधी १९६९ मध्ये इंग्लंडमधल्या एम्ली मूरचा ३८५ मीटरचा खांब तारांवर साचलेल्या बर्फामुळे आणि वाऱ्यामुळे पडला होता. या दोन्ही घटना पोलादाच्या ताकदीहून हिशेबाबद्दल जास्त सांगतात. एका ठिकाणी दुरुस्तीच्या वेळची अर्धवट अवस्था घातक ठरली, दुसऱ्या ठिकाणी नंतर चढलेला भार.

महाराष्ट्राचा या इतिहासातला वाटा वाटतो त्याहून जुना आहे. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातली मार्कोनी पद्धतीची बीम बिनतारी सेवा १९२७ साली सुरू झाली. तिचे प्रक्षेपण केंद्र पुण्याजवळ खडकीला आणि ग्राही केंद्र दौंडला होते. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईहून रेडिओचे नियमित प्रसारण सुरू झाले. १९७१ मध्ये जुन्नर तालुक्यात आर्वीला उपग्रह भूकेंद्र आले, १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि १९७३ मध्ये सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुणेकरांना मुंबईचे कार्यक्रम दिसू लागले. वरळीचा सुमारे ३०० मीटरचा पोलादी मनोरा त्याच दशकातला. सिंहगड आणि वरळी शेजारी ठेवून पाहिले तर जागा ठरवण्याचे दोन मार्ग दिसतात. सिंहगडावर उंची सह्याद्रीने आधीच दिलेली होती. वरळीत ती पोलादातून उभी करावी लागली. ताणतारांचा खांब स्वस्त पडतो, पण त्याच्या तारांना चहूबाजूंनी मोकळी जमीन लागते. तमिळनाडूत विजयनारायणम येथे नौदलाच्या केंद्रात ४७१ मीटरचे ताणतारांचे खांब उभे राहू शकले, कारण तिथे तेवढी जमीन होती. वरळीत ती नव्हती, म्हणून तिथे स्वतःच्या पायांवर उभा राहणारा मनोरा आला. भिवंडीतही आज तेच गणित चालते. गुंठ्याच्या भावावर मनोऱ्याचा प्रकार ठरतो.

साठच्या दशकात टपाल-तार खात्याने मायक्रोवेव्ह जोडण्या सुरू केल्या. पहिली कलकत्ता-आसनसोल मार्गावर, १९६५ मध्ये. मायक्रोवेव्हला एका डिशपासून दुसरी थेट दिसावी लागते. त्यामुळे ठरावीक अंतरावर उंच मनोऱ्यांची साखळी उभी राहिली आणि आधी नसलेली एक अट आली. मनोरा पडू नये एवढे पुरेसे राहिले नाही. तो फार हलताही कामा नये. डिशचा झोत अरुंद असतो. वाऱ्यात मनोऱ्याचे टोक साधारण अर्ध्या अंशापलीकडे वळले किंवा पिळले की जोडणी तुटण्याची भीती असते. त्यामुळे बळकटी आणि ताठरपणा असे दोन वेगळे निकष पाळावे लागतात. दूरसंचाराच्या मनोऱ्यात अनेकदा दुसराच निकष कठीण जातो.

हे मनोरे बांधण्याचे कसब आपल्याकडे विजेच्या कामातून आले. टाटांच्या खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईला वीज आणणारी वाहिनी १९१५ ची. पुढे कुर्ल्याच्या कामानी इंजिनिअरिंगसारख्या कंपन्यांनी वीजवाहिन्यांचे मनोरे देशातच बनवायला घेतले. आजची केईसी कामानीचीच वारस. तिचा एक कारखाना नागपूरजवळ बुटीबोरीला आहे. नाशिकमध्ये ज्योती स्ट्रक्चर्सने हाच धंदा वाढवला. समभुज अँगल, बोल्टांचे सांधे, प्रत्येक तुकड्यावर ठोकलेला मार्क नंबर, कारखान्यात एकदा पूर्ण जोडून पाहण्याची रीत, नमुना मनोऱ्याला तारांनी ओढून केलेली भारचाचणी, हे सगळे वीजवाहिन्यांकडून दूरसंचाराकडे आले. संहितासुद्धा तिकडचीच. आयएस ८०२ लिहिली गेली वीजवाहिन्यांच्या मनोऱ्यांसाठी, पण दूरसंचाराच्या मनोऱ्यांची कितीतरी गणिते आजही तिच्या आधाराने होतात.

१९९५ मध्ये मोबाइल आला आणि मनोऱ्यांची जात बदलली. मायक्रोवेव्हचे मनोरे मोजके, उंच आणि सरकारी जागेत असत. मोबाइलचे मनोरे असंख्य, बुटके आणि लोकांच्या दारात आले. मग ते बांधणे आणि भाड्याने देणे हाच स्वतंत्र धंदा झाला. एका मनोऱ्यावर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना बसू लागले. देशाच्या पैशाच्या दृष्टीने हे शहाणपणाचे होते. पण रचनेच्या दृष्टीने यातून नवी जोखीम जन्मली. मनोऱ्याचा मालक एक, वापरणारे अनेक, देखभालीचा ठेकेदार वेगळा, आणि मूळ आराखडा कोणाच्या कपाटात आहे हे विचारले तर एकमेकांच्या तोंडाकडे पाहणे.

मनोऱ्यांची घराणी दोन अंगांनी ओळखता येतात. पहिले अंग आकाराचे. चार पायांचा अँगलचा मनोरा हा आपल्याकडचा सर्वांत रुळलेला. त्याचे तुकडे लहान असल्याने डोंगरवाटेने खांद्यावरूनही नेता येतात, आणि एक अँगल वाकला तर तेवढाच बदलता येतो. तीन पायांच्या मनोऱ्यात पाय बहुधा पाइपचे असतात. गोल पाइपाला वारा कमी लागतो, पोलाद कमी लागते, पण पाइप आतून गंजला तर बाहेरून कळत नाही. मोनोपोल म्हणजे एकच निमुळता खांब. त्याला जागा थोडी लागते आणि तो डोळ्यांना खुपत नाही, म्हणून शहरात त्याला मागणी आहे. पण तो जास्त डुलतो, जास्त पोलाद घेतो आणि त्याला उचलायला क्रेन लागते. ताणतारांचा खांब सर्वांत काटकसरी, आणि मोकळ्या रानातच शोभणारा. गच्चीवरच्या मनोऱ्याला पाया नसतो. त्याचा पाया म्हणजे खालची इमारत.

दुसरे अंग हिशेबाच्या पद्धतीचे. जुनी पद्धत वाऱ्याला स्थिर दाब मानून पोलादावरचा ताण मर्यादेत ठेवण्याची. कॅनडाच्या ॲलन डेव्हनपोर्टने साठच्या दशकात वारा झोतांनी बनलेला असतो आणि रचना त्या झोतांना प्रतिसाद देते, हे गणितात बसवले. त्यातून झोत-गुणकाची पद्धत रूढ झाली. उंच, लवचिक मनोऱ्यांसाठी ती आपल्या संहितेतही आहे. दूरसंचाराच्या मनोऱ्यांसाठीच लिहिलेली अमेरिकी टीआयए-२२२ ही संहिता मोबाइल कंपन्यांबरोबर आपल्याकडे आली. त्यामुळे एकाच मनोऱ्याच्या कागदांत दोन देशांच्या संहिता शेजारी नांदताना दिसतात. हे चालते, पण वाऱ्याचा वेग एका संहितेतून आणि सुरक्षेचा गुणक दुसऱ्या संहितेतून उचलला की हिशेब बिघडतो. तीन सेकंदांचा झोत, दहा मिनिटांची सरासरी आणि हवामान खात्याच्या बातमीतला चक्रीवादळाचा वेग ही तीन निरनिराळी मापे आहेत.

गणिताइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे मनोऱ्यातला प्रत्येक अँगल कशासाठी आहे हे समजणे. सडपातळ पोलाद दाबाखाली तुटत नाही. ते आधी बाक घेते. लिओनार्ड ऑयलरने अठराव्या शतकात दाखवले की आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की अशा दांड्याची दाब सोसण्याची ताकद चौथाईवर येते. मनोऱ्यातले काही बारीक आडवे अँगल गणितात जवळजवळ काहीच भार घेत नाहीत. त्यांचे काम पायाच्या लांबीला मध्येच धरून ठेवण्याचे. आयएस ८०२ मध्ये पायांसाठी सडपातळपणाच्या गुणोत्तराची मर्यादा १२० आहे आणि अशा आधारदांड्यांसाठी २५०. त्यामुळे ते दिसायला किरकोळ असतात. भंगारासाठी चोरीला जातात ते बहुतेक हेच, कारण ते खाली हाताशी असतात आणि काढले तरी मनोरा उभाच दिसतो. पुढच्या वादळापर्यंत तो उभा राहतोही.

पाया हा टेमघरच्या मातीत खास विचार करण्याचा विषय. या पट्ट्यात कुठे काळी माती, कुठे मुरूम, कुठे फूटभर खणले की काळा बेसॉल्ट, आणि खाडीकडे कशेळीच्या बाजूला चिखल. उपटणाऱ्या जोराला दोन गोष्टी रोखतात. एक काँक्रीटचे वजन, दुसरी त्यावरच्या मातीचा सुळका. पावसाळ्यात भूजल वर आले की दोन्ही दुबळ्या होतात. काँक्रीटचा घनमीटर कोरड्यात सुमारे २४०० किलो भरतो, पाण्याखाली १४०० च. म्हणजे वादळी वारा आणि तुंबलेले पाणी एकत्र येतात त्याच दिवशी पाया सर्वांत हलका असतो. खडक लागला तर त्यात सळ्या रोवून तोच नांगर करता येतो. काळ्या मातीत ती फुगते-आकसते हे धरून खोल जावे लागते. खड्डा भरताना माती थरांनी ठोकली नाही, तर कागदावरचा मातीचा सुळका कागदावरच राहतो.

उभारणीचे शास्त्र अजूनही पुष्कळसे हाताचे आहे. भोके आधी पाडायची, मग अँगल वितळलेल्या जस्तात बुडवायचे. जाड पोलादावर चौरस मीटरमागे किमान ६१० ग्रॅम जस्त हवे. नंतर साइटवर भोक मोठे केले की तिथले जस्त जाते आणि कोकणाची खारी हवा तेवढी जागा शोधून काढते. टेम्प्लेट लावून चारही पायांचे बोल्ट पातळीत बसवायचे, कारण तळातला मिलिमीटरचा फरक टोकाला कितीतरी पट होतो. मग गिन पोल, म्हणजे उचलणीचा तात्पुरता खांब, चढवत, खालचा टप्पा पूर्ण कसून झाल्यावरच वरचा उचलायचा. वेळ वाचवायला हात-घट्ट बोल्टांवर पुढचा टप्पा चढवणारे रिगर असतात, तसे एकही बोल्ट टॉर्क पान्याशिवाय न सोडणारेही असतात. आराखडा कितीही चांगला असला तरी मनोरा किती टिकेल हे या दुसऱ्या जातीच्या माणसांवर ठरते, आणि त्यांच्यासाठी मराठीत लिहिलेले फारच थोडे आहे.

हा विषय आजच महत्त्वाचा का? पहिले कारण वादळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकले आणि कोकणातल्या कितीतरी गावांचा संपर्क अनेक दिवस तुटला. पुढच्याच वर्षी तौक्ते आले. संहितेत चक्रीवादळाचा वाढीव गुणक पूर्व किनारा आणि गुजरातचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून दिला आहे. कोकणाला तो किती लावावा, हा प्रश्न आता टाळता येणार नाही. शिवाय मनोरा उभा राहिला तरी वीज, डिझेल आणि केबल गेली की तो मुका होतो, हेही त्या दिवसांनी शिकवले.

दुसरे कारण नवा भार. ऑक्टोबर २०२२ मध्ये देशात ५जी सेवा सुरू झाली. तिचे अँटेना जास्त जड असतात आणि ते जुन्याच मनोऱ्यांवर चढत आहेत. २००५ च्या गरजेसाठी आखलेल्या मनोऱ्याला आज काय पेलायचे आहे, हे पुन्हा मोजावेच लागेल.

तिसरे कारण गच्च्या. भिवंडीने २०२० मध्ये पटेल कंपाउंडची आणि २०२३ मध्ये वळपाड्याची इमारत कोसळताना पाहिली. दोन्हींत माणसे दगावली. त्यांची कारणमीमांसा इथे करायची नाही. पण अशा शहरात गच्चीवर मनोरा घेण्याआधी खालचे कॉलम कोणी तपासले, खांब स्लॅबवर उभा आहे की थेट कॉलमवर, आणि गच्चीवरचे पाणी कुठे मुरते, हे विचारणे सोसायटीचे कर्तव्य आहे. भाड्याचा आकडा त्यानंतर.

चौथे कारण कायदा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोबाइल मनोऱ्यांवर मालमत्ता कर लावण्याचा स्थानिक संस्थांचा अधिकार मान्य केला. २०२३ चा दूरसंचार कायदा आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नियम यांनी परवानग्यांची चौकट बदलली. किरणोत्सर्गाच्या भीतीची चर्चा गावोगाव होते. भारताने २०१२ पासून त्यासाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकी कडक मर्यादा ठेवली आहे. मात्र त्या चर्चेत बोल्ट, गंज आणि पाया यांबद्दल कोणी विचारत नाही. शेजाऱ्याच्या डोक्यावरचा खरा, मोजता येणारा धोका तिथे आहे.

या पार्श्वभूमीवर हे पुस्तक काय करू पाहते? ते रेडिओ लहरींचे पुस्तक नाही आणि एखादे संगणक-सॉफ्टवेअर शिकवणारेही नाही. सॉफ्टवेअर उत्तर देते. प्रश्न बरोबर विचारला होता का, हे ते सांगत नाही. लेखकांनी मनोऱ्याचे आयुष्य जागा पाहण्यापासून तो उतरवण्यापर्यंत एका धाग्यात धरले आहे आणि प्रत्येक टप्प्यावर वाऱ्याचा हिशेब पुन्हा मांडला आहे. गणिते हाताने सोडवली आहेत. पदविकेच्या विद्यार्थ्याला ती जमतील, अनुभवी अभियंत्याला संगणकाचा निकाल पडताळायला उपयोगी पडतील. फॅब्रिकेटर, रिगर आणि साइट सुपरवायझर बोलतात तेच शब्द पुस्तकात आहेत: लेग, ब्रेसिंग, गसेट, चेक नट. ज्यांच्या गच्चीवर किंवा शेतात मनोरा येणार आहे, त्यांनाही समजेल अशी भाषा राखली आहे.

काही ठिकाणी वाचकाचे लेखकांशी मतभेद होतील. मोनोपोलबद्दल ते माझ्यापेक्षा अधिक आशावादी आहेत. जुन्या मनोऱ्यांना नव्या संहितेची फूटपट्टी सरसकट लावावी हा त्यांचा आग्रह मला खर्चाच्या दृष्टीने कठीण वाटतो; आधी किनाऱ्यालगतचे आणि सर्वाधिक अँटेना चढलेले मनोरे घ्यावेत असे मी म्हणेन. पण एका मुद्द्यावर मी पूर्णपणे त्यांच्याबरोबर आहे. प्रत्येक मनोऱ्याची एक वही असावी आणि ती मनोऱ्यापाशीच राहावी. कोणता अँटेना कधी चढला, कोणता उतरला, कोणता अँगल बदलला, बोल्ट शेवटचे कधी कसले, पायाभोवती पाणी साचते का, हे तीत लिहिलेले असावे. कंपनी बदलली, ठेकेदार बदलला तरी वही बदलू नये. याला ना नवे तंत्रज्ञान लागते, ना मोठा खर्च. लागते ते एवढेच की लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत आणि का, हे कळलेले असावे. पुस्तक वाचून झाल्यावर ते त्याला कळेल, एवढे मी खात्रीने सांगतो.

टेमघर, ता. भिवंडी